कात्री हाती घेण्याआधी

थंडी ओसरू लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते आणि त्यांतल्या बहुतेक पत्रांत घाई असते. दिवस मोठा होत चाललेला असतो, एखाद्या दुपारी ऊन अंगाला सुखद लागते आणि हाताला बागेत काहीतरी करावेसे वाटते. ही ओढ मलाही दरवर्षी जाणवते. मात्र या काळात बागेचे जितके भले करता येते तितकेच नुकसानही होऊ शकते, आणि ते बहुधा कात्री किंवा कुदळ काही आठवडे आधी उचलल्यामुळे होते. म्हणून पुढच्या उत्तरांत काय करावे याच्या बरोबरीने आधी काय पाहावे हेही सांगितले आहे.

प्रश्न: घराभोवतीची आमची बाग सध्या अगदी उघडी पडली आहे. यंदा तिची नव्याने आखणी करण्याचे मनात आहे. आधी झाडे आणावीत, पायवाटा कराव्यात की हिरवळ लावावी, हे ठरत नाही.

उत्तर: बाग उघडी पडली आहे ही तुमच्या दृष्टीने सोयीचीच गोष्ट आहे. पानांनी भरलेल्या बागेत आखणीतले दोष झाकले जातात. पाने गळल्यावर मात्र कुंपणाची रेघ, झाडांची ठेवण, वाटांची वळणे आणि ज्याकडे आपण वर्षभर कानाडोळा केला तो कोपरा, असे सगळे स्पष्ट दिसू लागते. ज्या खिडकीतून तुम्ही सर्वांत जास्त वेळा बाहेर पाहता तिथून, फाटकातून आणि बसायच्या जागेवरून एकेक छायाचित्र घ्या, ते कागदावर छापा आणि त्यावर पातळ कागद ठेवून हवे-नको ते पेन्सिलीने रेखाटा. रोजचे दृश्य डोळ्यांच्या सवयीचे झालेले असते, त्यामुळे जे प्रत्यक्षात खटकत नाही ते छायाचित्रात लगेच खटकते. फुलझाडे भरपूर असूनही बाग रिकामी का वाटते, याचे कारणही बहुधा अशा वेळी सापडते: वर्षभर हिरवी राहणारी आणि आकार धरून ठेवणारी झुडपे तिच्यात नसतात. अशी तीन-चार झुडपे योग्य जागी असली, तर बहर नसलेल्या दिवसांतही बाग उभी राहते.

यानंतर पाण्याचा विचार करावा, आणि तो झाडे, वाटा व हिरवळ या तिन्हींच्या आधी करावा. जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत एक फेरी मारा आणि पाणी कोठे साचून राहिले आहे तिथे खुंट्या ठोका. घराच्या भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये जमीन निदान १५ सेंटिमीटर उतरती असावी, नाहीतर पाणी पायाकडे मुरत राहते. जिथे मोठे झाड लावायचे आहे तिथे ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो पाण्याने भरा, ते पाणी जिरू द्या, आणि पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. तासाला अडीच सेंटिमीटरही पाणी उतरत नसेल, तर त्या जागी निचऱ्याची सोय करा किंवा ओल सोसणारे झाड निवडा. अशा खड्ड्यात कितीही खत घातले तरी साध्या झाडाची मुळे हवेवाचून कुजतात.

पायवाट कागदावर आखू नये, पायांनी आखावी. पाण्याची जुनी नळी किंवा जाड दोरी जमिनीवर टाकून वळण ठरवा आणि आठवडाभर त्यावरून प्रत्यक्ष ये-जा करा. ज्या ठिकाणी घरातली माणसे दोरी ओलांडून आडवी जातात, तिथे तुमचे वळण चुकले आहे असे समजावे. दोन माणसांना बोलत शेजारी शेजारी चालता यावे, तर मुख्य वाट १२० सेंटिमीटर रुंद हवी. वाफ्यांमधली कामाची वाट ४५ ते ६० सेंटिमीटर असली तरी पुरते. वाफा दोन्ही बाजूंनी हात पोचेल इतकाच, म्हणजे सुमारे १२० सेंटिमीटर रुंद ठेवला, तर मातीवर पाय देण्याची वेळ येत नाही. पायऱ्या करायच्या असतील तर सतराव्या शतकातले फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञ फ्रांस्वा ब्लोंदेल यांचा नियम आजही उपयोगी पडतो: पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची खोली यांची बेरीज साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर यावी. बागेत घरातल्यापेक्षा बसक्या आणि खोल पायऱ्या पायांना बऱ्या वाटतात.

उन्हाबाबत या दिवसांत हमखास फसगत होते. हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस आणि उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस यांच्या मध्यान्हीच्या सूर्याच्या जागेत सुमारे ४७ अंशांचा फरक असतो. आज भिंतीच्या लांब सावलीत असलेला कोपरा उन्हाळ्यात तापू शकतो, आणि पानगळीच्या झाडाखाली आज जे छान ऊन आहे त्याचा पालवी आल्यावर मागमूसही राहत नाही. म्हणून बसायचा ओटा किंवा सावली न सोसणारी झुडपे केवळ आजच्या उन्हावर भरवसा ठेवून पक्की करू नका.

इतके झाल्यावर झाडे लावावीत. पानगळीची झाडे सुप्तावस्थेत असताना, म्हणजे फांदीवरचे डोळे (जिथून नवी फूट येते त्या गाठी) फुटण्याआधी लावली, तर पानांचा भार येण्यापूर्वी मुळांना स्थिरावायला वेळ मिळतो. खड्डा मुळांच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्यावा, पण मुळांपेक्षा खोल घेऊ नये. खोड जिथे रुंद होऊन मुळांत मिसळते तो भाग जमिनीच्या पातळीला उघडा दिसला पाहिजे. तो मातीखाली गाडला जाणे हे नव्या झाडांच्या ऱ्हासाचे फार सामान्य आणि सहज टाळता येण्यासारखे कारण आहे. हिरवळ सर्वांत शेवटी लावावी, कारण बाकीची सगळी कामे तिच्यावरून ये-जा करूनच होतात.

प्रश्न: गुलाबाची छाटणी नेमकी कधी करावी? सगळी झुडपे हिवाळा संपताना छाटावीत असे आम्हाला सांगण्यात आले होते. गेल्या वर्षी तसे केले, तर गुलाब चांगले फुलले पण विस्टेरियाच्या वेलाला एकही फूल आले नाही.

उत्तर: वेलाचा दोष नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. सल्ला अपुरा होता. फुलझाडांचे छाटणीच्या दृष्टीने दोन गट पडतात. मोगरा, जास्वंद, बोगनवेल आणि बहुतेक आधुनिक गुलाब नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे हिवाळा सरताना छाटले की जोमदार फूट येते आणि तिच्यावर कळ्या धरतात. याउलट अझेलिया, लायलॅक, विस्टेरिया आणि मोठ्या पानांचा हायड्रेंजिया यांच्या फुलांचे डोळे गेल्या हंगामातल्या फांद्यांवर आधीच तयार होऊन बसलेले असतात. या दिवसांत त्यांना सरसकट कात्री लावणे म्हणजे यंदाची फुले कळी होण्याआधीच कापून टाकणे होय. लायलॅक आणि अझेलिया यांची छाटणी फुले ओसरल्याबरोबर करावी. विस्टेरियाचे लांब पसरलेले कोवळे धुमारे उन्हाळ्यात आखूड करावेत आणि हिवाळा संपताना फुलांचे फुगीर डोळे ओळखून, ते राखून, उरलेली टोके तेवढी कमी करावीत. एखादे झुडूप कोणत्या गटातले आहे हे ठाऊक नसेल, तर एक वर्ष कात्री न लावता ते कोठे फुलते ते पाहावे. मेलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मात्र कोणत्याही झुडपाच्या केव्हाही काढाव्यात.

गुलाबाची वेळ तारखेवरून ठरवू नका, डोळ्यांवरून ठरवा. फांदीवरचे डोळे फुगून लालसर झाले आहेत पण पाने उलगडलेली नाहीत, ती छाटणीची वेळ. जिथे हिम पडते तिथे कडाक्याचे दिवस सरेपर्यंत थांबावे, कारण छाटणीमुळे जागी झालेली कोवळी फूट एका रात्रीत करपते. बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा निवडून त्याच्या वर सुमारे अर्धा सेंटिमीटर अंतरावर, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता असा तिरका काप घ्यावा. मग कापलेल्या टोकाकडे नीट पाहावे. सालीखाली हिरवे कडे आणि मधोमध पांढरा किंवा हिरवट पांढरा गाभा दिसला, तर लाकूड जिवंत आहे. गाभा तपकिरी दिसला तर आणखी खालच्या डोळ्यापर्यंत या आणि पांढरा गाभा लागेपर्यंत कापत जा. पहिल्यांदा हे करताना हात कचरतो, पण तपकिरी गाभ्याची फांदी राखून काही साधत नाही. ती वरून खाली वाळतच जाते. जोमदार झुडपाची एक-तृतीयांश ते निम्मी उंची कमी केली तरी चालते, आणि अशक्त झुडूप त्याहूनही खोल छाटावे लागते.

यामागचे कारण समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत. फांदीच्या शेंड्याकडून ऑक्सिन नावाचे संप्रेरक खाली उतरत असते आणि त्याच्या प्रभावामुळे खालचे डोळे दबून राहतात. शेंडा कापला की हा दाब उठतो आणि कापाच्या लगत खाली असलेला डोळा पुढाकार घेतो. म्हणून तो डोळा कोणत्या दिशेला पाहतो याला इतके महत्त्व आहे. चढत्या गुलाबाच्या लांब फांद्या उभ्या न बांधता आडव्या वाकवून बांधल्या, तर शेंड्याचा वरचढपणा कमी होतो आणि फांदीच्या सबंध लांबीवर फुलणाऱ्या बगलफुटी येतात. कात्री न चालवता केलेली ही एक प्रकारची छाटणीच आहे.

कात्रीची दोन पाती एकमेकांना घासून सरकणारी असावीत. ऐरणीवर दाबून कापणारी कात्री कोवळी साल चेचते. उतरत्या धारेचे पाते फक्त त्याच बाजूने पाजळावे, आणि रोगट झुडपावरून निरोगी झुडपाकडे जाताना पाती ७० टक्के अल्कोहोलने पुसावीत.

प्रश्न: एका मोठ्या झाडाची मनगटापेक्षा जाड फांदी छताला टेकते आहे. ती आता कापली तर चालेल का? कापलेल्या जागी रंग किंवा डांबर लावावे का?

उत्तर: पाने नसताना झाडाची ठेवण दिसते, म्हणून बहुतेक झाडांसाठी ही वेळ योग्य आहे. मॅपल, बर्च आणि अक्रोड यांच्या कापातून मात्र या दिवसांत रस वाहतो. त्यांना पूर्ण पालवी येईपर्यंत थांबणे बरे. चेरी आणि आलूबुखार यांना कोरड्या उन्हाळ्यात छाटावे.

जड फांदी एका कापात काढू नका. ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल ओरबाडून खाली नेते. खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर आधी खालच्या बाजूने एक-तृतीयांश जाडीपर्यंत करवत चालवा. त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदीचा भार उतरवा. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढा. हा तिसरा काप सर्वांत महत्त्वाचा असतो. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीचा एक फुगीर, सुरकुतलेला कडा दिसतो, त्याच्या लगत बाहेरून कापावे. खोडाला सपाट घासून कापू नये आणि खुंटही लांब ठेवू नये. अमेरिकी वनसेवेतले वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी असंख्य झाडांचे लाकूड चिरून दाखवून दिले की झाड जखम भरून काढत नाही, तर तिच्याभोवती भिंत घालून तिला बंदिस्त करते, आणि त्या कड्याशी ही भिंत सर्वांत भक्कम असते. रंग किंवा डांबर लावल्याने कूज थांबत नाही, उलट आत ओल कोंडते. काप उघडाच ठेवा.

करवत लावण्याआधी फांदीवर घरटे नाही ना, ते पाहा. आणि शिडीवर चढून खांद्याच्या वर करवत चालवावी लागणार असेल किंवा जवळून विजेची तार जात असेल, तर हे काम जाणकाराकडेच सोपवावे असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न: लवकर कामाला लागायचे म्हणून पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांत वाफे खणले. आता मातीची ढेकळे वाळून विटेसारखी झाली आहेत. काय चुकले?

उत्तर: वाफसा येण्याआधी खणले गेले. चांगल्या मातीच्या आकारमानाचा सुमारे निम्मा भाग पोकळ असतो आणि त्या पोकळीत हवा व पाणी नांदतात. चिकण माती ओली असताना तिच्यावर कुदळीचा किंवा पायाचा दाब पडला, की कण एकमेकांवर लिंपले जातात, पोकळी नाहीशी होते आणि वाळल्यावर उरते ते ढेकूळ.

यापुढे खणण्याआधी वितीभर खोलीवरची मूठभर माती घ्या आणि हातात दाबून तिचा गोळा करा. गोळ्याला बोटाने टोचा. तो सहज फुटून भुगा झाला तर वाफसा आला आहे. बोटाचा ठसा उमटून गोळा तसाच राहिला आणि त्याच्यावर चकाकी आली, तर कुदळ परत ठेवा. गोळाच होत नसेल तर माती फार कोरडी आहे, आदल्या दिवशी हलके पाणी द्या. आठवडा वाया गेल्यासारखे वाटते खरे, पण एकदा लिंपलेली माती पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात.

आहेत ती ढेकळे ठोकून फोडू नका. त्यांवर तीन ते पाच सेंटिमीटर जाडीचा मुरलेल्या कंपोस्टचा थर पसरा आणि ओले होणे व वाळणे हे चक्र आपसूक चालू द्या. गांडुळे आणि मुळे पुढचे काम करतात. भुसभुशीत व्हावी म्हणून चिकण मातीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो मुळीच ऐकू नये. अशा मिश्रणाने माती आणखी घट्ट बसते.

प्रश्न: आठवडाभर ऊबदार हवा होती म्हणून झुडपांना पालवी फुटली आणि आता पुन्हा कडाक्याची थंडी येणार असे दिसते. खत देऊन झुडपे बळकट करता येतील का?

उत्तर: या क्षणी नत्राचे खत देऊ नका. त्याने आणखी कोवळी फूट येईल आणि तीच आधी बळी पडेल. हिमाचा धोका निरभ्र, वारा नसलेल्या रात्री सर्वाधिक असतो, कारण दिवसा मातीत साठलेली ऊब मोकळ्या आकाशाकडे निघून जाते. संध्याकाळ होताच झुडपावर जुनी चादर किंवा गोणपाट असे टाका की त्याच्या कडा जमिनीला टेकतील. झुडपाच्या बुंध्याशी कापड गुंडाळून बांधले तर जमिनीची ऊब आत येत नाही आणि झाकण्याचा हेतूच फसतो. पानांना चिकटणारे प्लास्टिक टाळा, सकाळी ऊन आल्यावर कापड काढा, आणि माती कोरडी असेल तर दुपारी पाणी द्या, कारण ओली माती जास्त ऊब साठवते. करपलेली टोके लगेच कापू नका. खालच्या फुटीला तीच आडोसा देतात, आणि नेमके काय वाळले हे कळायलाही काही आठवडे जातात.

थंड हवा जड असल्याने पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि सखल भागातल्या भिंतीशी किंवा दाट कुंपणाशी साचते. अशा कोपऱ्यात लवकर फुलणारी झुडपे लावू नयेत.

प्रश्न: खिडकीत पेरलेली टोमॅटो आणि मिरचीची रोपे लांब, फिकट आणि लवकर कोलमडणारी होतात.

उत्तर: त्यांना ऊब मिळते, पण पुरेसा उजेड मिळत नाही. उगवण होईपर्यंत ऊब हवी. अंकुर दिसताच रोपे अधिक उजेडाच्या आणि किंचित थंड जागी न्यावीत. दिवे वापरत असाल तर ते दिवसाचे १४ ते १६ तास लावावेत. रोज दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवल्यानेही खोडे आखूड आणि बळकट होतात, कारण हलण्याला रोप वाऱ्यासारखाच प्रतिसाद देते. मातीशी खोड बारीक होऊन रोप आडवे पडत असेल तर तो बुरशीजन्य रोग आहे. अशा वेळी पाणी वरून न घालता ट्रेमधून खालून द्या, दाट उगवलेली रोपे विरळ करा आणि हवा खेळती ठेवा. टोमॅटोचे लांब झालेले रोप खोल लावता येते, कारण त्याच्या खोडाला मुळे फुटतात. बाहेर लावण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी टोमॅटो आणि आठ ते दहा आठवडे आधी मिरची पेरावी. त्याहून लवकर पेरून काहीच पदरात पडत नाही.

प्रश्न: कुंड्यांमधली माती आता बदलावी का? तळाशी खडे घालावेत का?

उत्तर: नवी फूट सुरू होण्याच्या सुमारास बदलावी. मुळे कडेने गोल फिरली असतील तर ती मोकळी करून तीन ते पाच सेंटिमीटर मोठी कुंडी घ्यावी. खडे घालू नयेत. बारीक मातीतले पाणी जाड खड्यांमध्ये सहजी उतरत नाही, ते खड्यांच्या वर साचून राहते आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. तळाची भोके मोकळी असणे पुरेसे आहे.

प्रश्न: गेल्या हंगामातल्या फुलझाडांच्या वाळलेल्या काड्या आणि पालापाचोळा आता काढून टाकून बाग स्वच्छ करावी का?

उत्तर: काढावे, पण एकाच रविवारी सगळे नाही. एकट्या राहणाऱ्या अनेक जातींच्या लहान मधमाश्या पोकळ काड्यांत आणि पाचोळ्याखाली हिवाळा काढतात. डच बागरचनाकार पीट ऊदॉल्फ यांच्या बागांमध्ये वाळलेली बोंडे आणि गवते हिवाळाभर मुद्दाम उभी ठेवली जातात, कारण त्यांचा आकार हेदेखील बागेचे सौंदर्य आहे असे ते मानतात. दिवसाचे तापमान सलग काही दिवस १० अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले की काड्या कापायला घ्या. शोभेच्या गवतांचे बुंधे मात्र नवी पाती वर येण्याआधी कापा, नाहीतर जुन्याबरोबर नवीही कापली जातात. रोगट पाने बागेबाहेर टाका, निरोगी पाचोळा झुडपांखाली पाच ते आठ सेंटिमीटर जाडीने पसरा आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. फुलझाडांच्या काड्या जमिनीपासून ३० सेंटिमीटरपर्यंत वेगवेगळ्या उंचीच्या ठेवल्या, तर या हंगामात नव्या माद्या त्यांच्या उघड्या तोंडांतून आत शिरून अंडी घालतात. कापलेल्या लांब काड्यांची सैल मोळी कुंपणाशी टेकवून ठेवा, म्हणजे आत झोपलेल्या माश्यांना बाहेर पडता येईल. उरलेले खुंट दोन महिन्यांत नव्या पालवीआड दिसेनासे होतात.